डोळे आले, अनुस्वार गेले

घरात डोळे कुणी आणले, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. माझा संशय सातवीतल्या मुलावर, त्याचा संशय व्हॅनमधल्या मित्रावर. सासूबाईंचं म्हणणं असं, की साथीला कुणी आणावं लागत नाही, तिचे पाय तिला असतात. आम्ही दिघीला राहतो, आळंदी रस्त्यालगत. २०२३ च्या जुलैमध्ये, आषाढी उरकल्यानंतर, आळंदीत डोळ्यांची साथ सुरू झाली. तिथल्या वारकरी शिक्षण संस्थांमध्ये मुलं एकत्र राहतात, एकत्र जेवतात, एकाशेजारी एक झोपतात. बघता बघता रुग्णांचा आकडा हजारांत गेला. ऑगस्ट लागेपर्यंत बुलढाण्यापासून पुण्यापर्यंत सगळीकडच्या बातम्या येऊ लागल्या आणि बसमध्ये काळे चष्मे दिसू लागले.

मुलगा गुरुवारी, २० जुलैला, शाळेतून आला तोच एक डोळा चोळत. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पापण्या चिपडांनी घट्ट चिकटलेल्या. ‘आई, मला दिसत नाही,’ म्हणून त्यानं हाक मारली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. कोमट पाण्यात कापूस बुडवून पापण्या हळूहळू सोडवल्या, कापूस केराच्या डब्यात टाकला, हात पदराला पुसले आणि परत पोळपाटापाशी गेले. हे वाक्य मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. पुढं जे झालं ते बहुधा ह्या वाक्यात झालं.

सहाव्या दिवशी तो गल्लीत क्रिकेट खेळत होता. डॉक्टरकडे नेलंच नव्हतं. डोळे येणं हा काय आजार आहे? लहानपणी पावसाळ्यात आमच्या वाड्यात सगळ्यांचे डोळे यायचे आणि जायचे. ज्याचे आलेत त्याच्याकडे बघायचं नाही, एवढाच काय तो नियम. मीही आठवडाभर मुलाशी बोलताना त्याच्या कपाळाकडे बघत होते, आणि हातांनी त्याचं तोंड पुसत होते.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. प्रकाशकांकडून कागदावर प्रुफं येतात, मी घरी बसून वाचते, आठवड्यातून दोनदा बसनं पेठेत जाऊन देऊन येते. ऱ्हस्व-दीर्घ, रफार, सुटलेला काना आणि सगळ्यांत चिवट म्हणजे अनुस्वार. डाव्या हाताचं बोट ओळीखालून सरकवत वाचायची माझी सवय आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर हे माझे सुगीचे दिवस, कारण दिवाळी अंक. त्या वर्षी दोन अंक आणि एक कथासंग्रह हातात होता.

शनिवारी, २९ तारखेला, रात्री अकराच्या सुमाराला उजव्या डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं वाटलं. आरशात पाहिलं, काही नव्हतं. पाण्याचे हबके मारले. कुसळ गेल्यासारखी टोचणी राहिली ती राहिलीच. जास्त वाचलं असेल म्हणून झोपले. मुलाचं दुखणं सुरू होऊन नऊ दिवस झाले होते, त्यामुळं दोन्हींचा संबंध जोडायचं डोक्यातच आलं नाही. पुढं कळलं की नऊ दिवस हा अगदी हिशेबातला काळ. ह्या विषाणूला अंगात शिरून लक्षणं दाखवायला दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत लागू शकतात.

आणि रविवारी आमच्याकडे धोंडा होता. त्या साली श्रावण अधिक होता, म्हणजे जावयाचा महिना. नणंद आणि तिचे यजमान चिंचवडहून येणार, पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, चांदीचं निरांजन, सगळं ठरलेलं. सकाळी उजवा डोळा गुलाबी होता आणि पाणी गळत होतं. कांदा कापल्यामुळं, असं मी सांगितलं. मला स्वतःलाही ते खरं वाटत होतं. दिवसभर मी मनगटानं डोळा पुसत वाढत होते. जेवणानंतर भावोजी बेसिनवर हात धुवायला गेले आणि शेजारी टांगलेल्या नॅपकिननं हात पुसले, मग चष्मा काढून डोळे पुसले. हे मी पाहिलं होतं. तेव्हा त्यात पाहण्यासारखं काही आहे हे ठाऊक नव्हतं, म्हणून नुसतं पाहिलं.

सोमवारी सकाळी पापणी सुजून भजं झालं होतं. नवऱ्यानं कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून थेंब आणले. दुकानदारानं नाव विचारलं नाही, वय विचारलं नाही. ‘डोळे आलेत’ म्हटल्याबरोबर काचेवरच ठेवलेल्या बाटल्यांतली एक दिली. दिवसभरात तशा पन्नास जात असतील. दोन दिवसांत लाली इतकी उतरली की मी परत प्रुफं काढून बसले. गुरुवारी डावा डोळा आला आणि उजवा आधीपेक्षा वाईट झाला. आता नुसती टोचणी राहिली नव्हती. खिडकीचा पडदा सरकवला तरी डोळ्यात कुणी टाचणी फिरवतंय असं व्हायचं. ट्यूबलाइटखाली बसवेना. सासूबाईंनी माझ्या कानापुढं बोट टेकवलं आणि म्हणाल्या, ‘अगं, अवधाण आलंय तुला.’ खरंच, उजव्या कानाच्या पाळीसमोर हरभऱ्याएवढी गाठ होती, दाबली की दुखणारी.

उपायांचा पाऊस पडला तो निराळाच. गुलाबपाणी, धण्याचं पाणी, त्रिफळ्याचा काढा, कापराचं काजळ. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर नुकत्याच बाळंत झालेल्या सुनेचं दूध वाटीतून पाठवण्याची तयारी दाखवली. मी काहीच घातलं नाही. शहाणपणानं नव्हे, डोळा उघडतच नव्हता म्हणून.

शुक्रवारी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. दारातच एक मावशी उभ्या होत्या, लाल डोळेवाल्यांना वेगळ्या बाकावर बसवत होत्या. ‘कशाला हात लावू नका हो ताई,’ असं प्रत्येकाला सांगत होत्या. आम्ही अकरा जण हात मांडीवर ठेवून, संध्याकाळच्या परवच्याला बसवलेल्या मुलांसारखे ओळीनं.

डॉक्टर बाई साधारण माझ्याच वयाच्या होत्या. हातमोजे घालून त्यांनी आधी डोळा नाही पाहिला, कानासमोरची गाठ चाचपली आणि ‘हं’ म्हणाल्या. मग विचारलं, घरात आधी कुणाला झालं होतं, किती दिवस झाले, काय घातलंत. मी पिशवीतून बाटली काढली. त्यांनी ती हातात न घेता लांबूनच वाचली. त्यात प्रतिजैविकाच्या जोडीला स्टेरॉइड होतं.

‘म्हणून दोन दिवस बरं वाटलं तुम्हाला,’ त्या म्हणाल्या. ‘लाली म्हणजे तुमच्या शरीरानं चालवलेली लढाई. स्टेरॉइडनं लढाई थांबते. विषाणू थांबत नाही, उलट त्याला जास्त दिवस मोकळं रान मिळतं. आणि प्रतिजैविक जिवाणूंवर चालतं, ह्याच्यावर नाही. ह्याच्यावर थेट मारा करणारं मान्यताप्राप्त औषधच अजून नाही.’

‘ह्याच्यावर म्हणजे?’

‘अ‍ॅडेनोव्हायरस.’

नमुना तपासायला पाठवला नाही, त्याची गरजही नव्हती म्हणाल्या. त्या मोसमात डोळे आणणारे विषाणू एकाच कुळातले नव्हते, काही भागांत एन्टेरोव्हायरसही सापडत होता. तो एका-दोन दिवसांत भडकतो, डोळ्यात कधी रक्त साकळवतो आणि बहुतेकांचा आठवड्याभरात निघून जातो. शेजारपाजारचे लोक चार-पाच दिवसांत टुणटुणीत का झाले आणि मीच का लोळत पडले, ह्याचं एक उत्तर तिथं असू शकतं. उशिरा उगवणं, कानासमोरची गाठ, एका डोळ्यानंतर चार-पाच दिवसांनी दुसरा, आणि प्रकाश सहन न होणं, हा माझा पाढा अ‍ॅडेनोचा होता. मुलाचाही बहुधा तोच, पण मुलांना तो पुष्कळदा हलक्यावर सोडतो.

मग त्यांनी मला मशीनवर हनुवटी टेकवायला सांगितली आणि खालची पापणी ओढून, वरची उलटी करून पाहिली. पापणी उलटी करणं ऐकायला भयंकर वाटतं, तेवढं दुखत नाही. त्यानंतरचं दुखलं. पापणीच्या आतल्या बाजूला पांढुरका पापुद्रा धरला होता, दुधावर साय धरते तसा. सूज आणि पू ह्यांतून पाझरलेलं फायब्रिन नावाचं प्रथिन तिथं थिजतं. ते राहू दिलं तर पापणी बुबुळावर घासत राहते आणि आत व्रण राहू शकतात. भूल देणारे थेंब घालून त्यांनी कापूस गुंडाळलेल्या काडीनं आणि बारीक चिमट्यानं तो पापुद्रा सोलून काढला. आजी साय काढायची तशी, एका कडेनं उचलत. चिमट्याला लागलेलं रक्त मला दिसलं. खुर्चीचा हात मी इतका घट्ट धरला होता, की मी उठल्यावर मावशींनी तो आधी पुसून घेतला. मला वाईट वाटलं, मग लक्षात आलं की त्यांचं बरोबर आहे.

त्या दिवशी मला वेळ मिळाला तो पावसामुळं. बाहेर धो धो कोसळत होता, पुढचे रुग्ण आलेच नव्हते, आणि मी पुस्तकांचं काम करते म्हटल्यावर बाईही जरा खुलल्या. मी विचारलं, हा अ‍ॅडेनो म्हणजे काय? त्यांनी सांगितलं की नाकामागं, घशाच्या वर ज्या अ‍ॅडेनॉइड नावाच्या गाठी असतात, मुलांच्या ज्या कधीकधी कापून काढतात, त्यांच्यावरून हे नाव आलं. १९५३ साली अमेरिकेत वॉलेस रो आणि त्यांचे सहकारी अशा काढलेल्या गाठींच्या पेशी काचेच्या नळ्यांत वाढवत होते. त्या पेशी आपल्या आपणच मरायला लागल्या. शोधलं तेव्हा आत हा विषाणू निघाला. म्हणजे तो सापडला घशात. पण त्याचे पुष्कळ प्रकार आहेत, आणि त्यांतले ८, ३७, ६४ असे काही क्रमांक डोळ्यावर विशेष मर्जी ठेवून असतात.

आकाराबद्दल त्यांनी सांगितलं ते मी घरी येऊन माझ्या मापानं मोजलं. एक विषाणू साधारण नव्वद नॅनोमीटरचा. आमच्या पुस्तकी टाइपातल्या अनुस्वाराचं टिंब जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. म्हणजे टिंबाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत एका ओळीत साडेपाच हजार विषाणू बसतील. वीस त्रिकोणी बाजूंचं प्रथिनांचं कवच आणि बारा कोपऱ्यांवर बारा काटे, प्रत्येक काट्याच्या टोकाला गोंडा. आपल्या पेशींच्या अंगावर सायलिक आम्ल नावाची एक साखर असते. डोळ्यावर जाणाऱ्या ह्या प्रकारांचे गोंडे नेमके त्या साखरेला चिकटतात. मग कवचाचा दुसरा भाग पेशीला धरतो, पेशी त्याला आत ओढून घेते, आणि तो आपला डीएनए केंद्रकात पोचवतो. तिथून पुढं ती पेशी त्याचा छापखाना. एका पेशीतून हजारो प्रती निघतात, पेशी फुटते, प्रती शेजारच्या पेशींवर आणि आसवांतून बाहेर. बिनचूक प्रती, हे माझ्यासारखीला थोडं लागतं.

‘काटे, कवच, आणि वर काही नाही,’ बाई म्हणाल्या, आणि इथं माझा खरा गोंधळ उघडा पडला. घरात करोनाच्या काळातली सॅनिटायझरची मोठी बाटली होती. मुलाचे डोळे आल्यापासून मी दिमाखात तीच वापरत होते. त्यांनी सांगितलं, की करोनाच्या विषाणूवर चरबीचं वेष्टन असतं. अल्कोहोल आणि साबण ते वेष्टन विरघळवतात, आणि तो निकामी होतो. अ‍ॅडेनोला असं वेष्टनच नाही. नुसत्या सॅनिटायझरचा त्याला तेवढा धाक वाटत नाही. साबणानं हात धुवायचे ते त्याला मारायला नव्हे, चोळून वाहत्या पाण्याबरोबर घालवायला. त्यामुळं धुताना घाई करायची नाही. आणि हा गडी कोरड्या प्लॅस्टिकवर, धातूवर आठवडेच्या आठवडे टिकतो. दाराची कडी, नळ, मोबाइल, रिमोट, उशीचा अभ्रा. फरशी आणि नळासाठी ब्लीचचं पाणी, कपड्यांसाठी उकळतं पाणी.

‘मग बघितल्यानं होत नाही?’ मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, पण कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

‘बघून कसं होईल? काळा चष्मा तुमच्या सोयीसाठी, उजेड लागू नये म्हणून. लोकांना तुमच्या डोळ्यांपासून भीती नाही, हातांपासून आहे.’

थेंबाच्या बाटलीचं तोंड पापणीला लागत होतं का, हेही त्यांनी विचारलं. लागत होतं. उजव्यानंतर त्याच बाटलीनं मी डाव्यातही घालत होते, ‘येऊ नये म्हणून’. तशीही दुसऱ्या डोळ्याला लागण बहुतेकदा होतेच म्हणाल्या, पण मी त्याला गाडी करून दिली होती.

मेडिकलचे थेंब बंद झाले. कृत्रिम अश्रूंचे थेंब, तेही फ्रिजमध्ये ठेवून, थंड पाण्याच्या घड्या आणि दोन आठवडे घरात बसणं, असं लिहून मिळालं. ‘कामावर?’ ‘नाही.’ ‘कागदावरची प्रुफं देऊन आले तर?’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रुफं जातात छापखान्यात, तिथून लेखकाकडे, तिथून परत माझ्याकडे. ओळीखालून सरकणारं माझं डावं बोट मला आठवलं. प्रकाशकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, गेल्या मंगळवारचा प्रुफांचा फॉर्म मी वाचून ठेवलाय ताई, आता काय करू? साबणानं हात धुवा, म्हटलं. त्यांना काही झालं नाही, देवाची कृपा.

भावोजींना झालं. आठ ऑगस्टला नणंदेचा फोन आला. सासूबाईंनी तो स्पीकरवर टाकला होता, त्यामुळं मलाही ऐकू आलं: ‘वहिनीनं वाण चांगलं दिलं हो.’ ती हसत होती, पण अर्धीच. नॅपकिनची गोष्ट मी तिला सांगितली ती पुढं संक्रांतीला.

ह्या सगळ्यात एक माणूस कोरडं राहिलं, ते म्हणजे सासूबाई. एकाच घरात, माझ्या आणि नातवाच्या इतक्या जवळ असून. त्यांचा पंचा वेगळा, तो गॅलरीतल्या वेगळ्या दोरीवर वाळतो आणि त्याला कुणी शिवायचं नाही. तांब्या-भांडं वेगळं. बाहेरून आलं की हात-पाय धुतल्याशिवाय त्या स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत. लग्न झाल्यापासून ह्या सोवळ्यानं मला उबग आणला आहे. पाळीच्या दिवसांत मला बसवलेलं बाजूला मी अजून विसरलेले नाही, आणि सोवळ्याच्या नावाखाली माणसांना किती पिढ्या दूर ठेवलं गेलं तेही. तेव्हा हे कौतुक नाही. पण पंच्यापुरतं त्या जिंकल्या. बेसिनवरचा सगळ्यांचा एक नॅपकिन ही सोय माझी होती, आधुनिक घर म्हणून लावलेली. तो मी उकळला, वाळवला आणि पोछा केला. भिंतीवर चार खुंट्या ठोकल्या.

ऑगस्टच्या मध्याला लाली गेली. गाठ जिरली. आरशात डोळे स्वच्छ पांढरे. निज श्रावण लागला, मी हुश्श करून प्रुफं पुढ्यात घेतली.

आणि अनुस्वार दिसेनात.

दिसेनात म्हणजे, अक्षर दिसायचं, शिरोरेषा दिसायची, पण तिच्यावरचं टिंब एका धुरकट वलयात विरघळलेलं. कुठं एकाची दोन व्हायची. ‘नाव’ आणि ‘नांव’, ‘पाच’ आणि ‘पांच’ असा जुना-नवा वाद मी आयुष्यभर घातला, आता माझे डोळेच दोन्ही बाजूंनी बोलत होते. संध्याकाळी समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुटून फुलबाजीसारखा पसरायचा. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून चष्मेवाल्याकडे गेले. त्यानं काचा बदलून बदलून पाहिल्या. एकीनंही ‘अं’ वरचं टिंब जागेवर बसेना. नंबर नाही, डॉक्टरांना दाखवा, असं तोच म्हणाला, आणि एक गिऱ्हाईक सोडलं. असे दुकानदारही असतात.

ह्या वेळी दवाखान्यात लाल डोळ्यांचा बाक रिकामा होता. बाईंनी डोळ्याच्या कोपऱ्यात नारिंगी पट्टी टेकवली, निळा दिवा लावला, मग अरुंद पांढरी फट पाडून पाहिलं. मग आपल्या मोबाइलनं मशीनमधून फोटो काढून मला दाखवला. काळ्या बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यात, म्हणजे पारपटलात, पिठाचे कण उडावेत तसे राखाडी-पांढरे ठिपके. उजव्यात वीसेक, डाव्यात सात-आठ. काही अगदी बाहुलीसमोर.

‘हे विषाणू आहेत?’

‘विषाणू गेला. हे तुम्ही आहात.’

आजार ओसरताना विषाणूची मोडकीतोडकी प्रथिनं पारपटलाच्या वरच्या थराखाली अडकून राहतात. आपली प्रतिकारशक्ती त्यांना ओळखते आणि पांढऱ्या पेशी तिथं गोळा होतात. शत्रू पळाला तरी त्याच्या सोडलेल्या छावणीवर तोफा चालू. त्या पेशींचे पुंजके म्हणजे हे ठिपके. दुखत नाहीत, लाल करत नाहीत, आणि आता मी कुणाला लागण देण्याचीही भीती नाही. फक्त उजेड विखुरतात. बरेचसे आपोआप विरतात, पण कुणाचे आठवड्यांत, कुणाचे महिन्यांत, क्वचित कुणाचे वर्षाच्या पुढं जातात. ‘बहुतेकांना मी वाट बघा म्हणते,’ त्या म्हणाल्या. ‘पण तुमचं कामच टिंबांचं.’

म्हणून ज्या औषधावरून मी बोलणी खाल्ली होती तेच, सौम्य जातीचं, आता रीतसर सुरू झालं. चार वेळा, मग तीन, मग दोन, प्रत्येक पायरी दोन आठवड्यांची. तिसऱ्या दिवशी कथासंग्रहातलं एक पान मी भिंगाशिवाय वाचलं. काय सुख असतं ते सांगता येत नाही, ‘संध्याकाळी’ हा शब्द पूर्ण दिसण्यात.

प्रत्येक फेरीला डोळ्यातला दाब मोजायचा, कारण स्टेरॉइडनं तो चढू शकतो. निळ्या दिव्याखाली एक लहानसं पारदर्शक नळकांडं पुढं येतं आणि बुबुळाला अलगद टेकतं. बाई दरवेळी ते नळकांडं मशीनवरून काढून औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या आणि दुसरं धुऊन कोरडं केलेलं लावायच्या. मी विचारल्यावर म्हणाल्या, की ह्या आजाराचा इतिहास डॉक्टरांसाठी फार लाजिरवाणा आहे. १९४१ मध्ये हवाईत पर्ल हार्बरच्या गोद्यांमध्ये ह्याची मोठी साथ आली आणि मग अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या जहाजांच्या कारखान्यांत पसरली. ‘शिपयार्ड आय’ असंच नाव पडलं तिला. कामगारांच्या डोळ्यात लोखंडाचा कण जायचा, तो काढायला ते दवाखान्यात जायचे आणि तिथल्या हातांतून, उपकरणांतून डोळे घेऊन यायचे. तो कोणता विषाणू हे १९५५ मध्ये अर्नेस्ट जावेट्झ ह्यांनी दाखवलं, आठवा प्रकार. ‘रुग्ण बरा व्हायला येतो आणि आम्ही देतो, असं अजूनही जगात कुठंकुठं होतं,’ असं म्हणत त्यांनी हात धुतले. मी मनात मोजलं. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त.

ऑक्टोबरमध्ये थेंब दिवसातून एकवर आणले आणि दहा दिवसांत टिंबांभोवतीचं वलय परत आलं. असं होतं म्हणे. तोफा थांबवणारं औषध काढलं की तोफा परत सुरू, कारण छावणी अजून तिथंच. ठिपके पूर्वीइतके नव्हते पण होते. दिवाळी बारा नोव्हेंबरला, अंकांचे शेवटचे फॉर्म माझ्या टेबलावर, आणि मी उजवा डोळा झाकून डाव्यानं वाचते आहे. नवरा संध्याकाळी ऑफिसातून येऊन मोठ्यानं वाचायचा, मी दुसऱ्या प्रतीवर खुणा करायची. तो अनुस्वार वाचून दाखवताना नाकात असं काही घुमवायचा की सासूबाई पोथी वाचायच्या थांबून हसायच्या. एका अंकाचे संपादक समजूतदार होते. दुसऱ्या ठिकाणचं काम गेलं. पुढच्या वर्षीही आलं नाही. त्याचा हिशेब औषधांच्या पावत्यांत धरत नाहीत.

बाईंनी स्टेरॉइड आणखी हळू उतरवलं आणि जोडीला सायक्लोस्पोरीनचे थेंब दिले. तेही प्रतिकारशक्तीला आवर घालतं, पण त्यानं दाब चढत नाही. घातल्यावर दोन मिनिटं मिरची चोळल्यासारखं जळजळतं. दोन महिने ते घातले.

जानेवारीच्या शेवटी परत हनुवटी टेकवली. डावा स्वच्छ. उजव्यात तीन ठिपके उरले होते, फिकट, आणि बाहुलीपासून दूर कडेला.

‘हे राहू द्या,’ बाई म्हणाल्या. ‘ह्यांच्यामुळं काही अडत नाही.’

बाहेर आले तेव्हा मावशी रिकामा बाक पुसत होत्या. मी पिशवीतून अंकाची एक प्रत काढून त्यांना दिली. त्यांनी ती घ्यायला हात पुढं केला, मग थबकून आधी हातमोजा काढला, आणि मग घेतली. एकशे बाराव्या पानावर ‘स्वतंत्र’ मधला अनुस्वार ‘त’ वरून सरकून ‘त्र’ वर बसला आहे. तो माझ्या हातून सुटला.